अधरबिंब आणि मेण

१

ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील गाव. पैनगंगेच्या अलीकडे विदर्भ आणि पलीकडे मराठवाडा, अशा काठावरच्या मुलखात ते वसलेले आहे. गेल्या लग्नसराईत तिथल्या एका मांडवात आमच्यापैकी दोघे जण पाहुणे म्हणून गेलो होतो. नवरीकडच्या नात्यातील एक मुलगी आमची जुनी विद्यार्थिनी. मराठी विषय घेऊन पदवीधर झालेली, आता पुण्यात नोकरीला. एरवी मांडवभर फिरणारी ही मुलगी त्या दिवशी मागच्या रांगेत बसून होती आणि ओढणीचे टोक तिने तोंडावर धरले होते. पंगतीत बसल्यावर ओढणी बाजूला करावीच लागली, तेव्हा कारण कळले. पाच दिवसांपूर्वी तिने ओठांत फिलरचे इंजेक्शन घेतले होते. वरचा ओठ अजून सुजलेला होता, एका कोपऱ्याशी निळसर डाग उमटला होता आणि उजवी बाजू डावीपेक्षा किंचित वर उचलल्यासारखी दिसत होती.

शेजारी बसलेल्या आजीने तिच्याकडे निरखून पाहिले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "काय झालं वं माय, मधमाशी डसली काय तुले?" पंगत हसली. हात धुवायला उठलो तेव्हा ती मुलगी मागून आली आणि हळूच म्हणाली, "सर, हे असंच राहील का हो?"

प्रश्न वैद्यकाचा होता आणि आम्ही वाङ्मयाचे शिक्षक. "डॉक्टरांना विचार" याखेरीज आम्हांला काही सांगता आले नाही. परंतु परतीच्या वाटेवर एक गोष्ट मनातून जाईना. ओठ कसे असावेत हे या मुलीने मोबाइलच्या पडद्यावर पाहिले हे खरे. पण त्याआधी तिने ते आमच्याच वर्गात ऐकले होते. बिंबाधर, प्रवाळासारखे ओठ, नाजूक जिवणी ही सारी शब्दसंपत्ती आम्हीच तिला सांगितली होती, आणि तीही अगदी रस घेऊन. तेव्हा ओठांच्या या चिंतेचा इतिहास तपासून पाहणे हे आमचेही काम आहे, असे वाटले. पुढील टिपण त्यातून झाले.

२

मराठीत ओठांसाठी शब्दांची वाण नाही. 'ओठ' हा रोजचा, 'अधर' काव्यातला, आणि दोन्ही ओठांनी मिळून होणारी तोंडाची घडण सांगणारा 'जिवणी' हा खास आपला. मात्र वाक्प्रचार पाहू गेल्यास त्यांत ओठांच्या दिसण्याचा विचार जवळजवळ नाहीच. ओठावर येते ती मनातली गोष्ट. ओठात एक आणि पोटात एक असते तो लबाड. दातओठ खातो तो संतापलेला, आणि ओठ पिळला तर दूध निघेल असा तो पोरसवदा. लोकभाषेने ओठांकडे बोलण्याची, खाण्याची आणि राग आवरण्याची जागा म्हणून पाहिले. ओठ दिसतात कसे याची चौकशी केली ती काव्याने आणि सामुद्रिकाने.

या चौकशीत सर्वांत टिकून राहिलेली उपमा बिंबाची. बिंब म्हणजे आपले तोंडले. वर्गात हे सांगितले की मुले हमखास हसतात, कारण त्यांना ठाऊक असते ती हिरव्या, कोवळ्या तोंडल्यांची भाजी. वेलीवरच पिकलेले, आतबाहेर लालभडक झालेले तोंडले आता कोणी पाहत नाही. कुंपणावर चढलेल्या रानवेलीला ते दिसते आणि पाखरे ते खाऊन टाकतात. कालिदासाच्या यक्षाला दूर राहिलेल्या पत्नीचे ओठ आठवतात ते या पिकल्या फळासारखे. बाराव्या शतकातील श्रीहर्षाच्या 'नैषधीयचरिता'त हंस नळापुढे दमयंतीचे वर्णन करतो, तेव्हा तो या जुन्या उपमेचीच उलटतपासणी करतो. 'अधर' या शब्दाचा एक अर्थ ओठ आणि दुसरा अर्थ खालच्या दर्जाचा. म्हणून 'अधरबिंब' हा समास बिंबासारखा अधर असा न सोडवता, ज्याच्यापुढे बिंबच अधर ठरते तो ओठ, असा सोडवावा, हे त्या हंसाचे म्हणणे. दमयंती विदर्भाची राजकन्या. म्हणजे आपल्याच मुलखातल्या एका मुलीच्या ओठांवर व्याकरणाची ही कसरत झाली.

उपमा रंगाची आहे हे उघड आहे. पण ती रंगापुरती नव्हती. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त कन्येची लक्षणे सांगणारा अध्याय आहे. त्यात शुभ अधर कोणता, तर बंधुजीवाच्या, म्हणजे दुपारीच्या फुलासारखा लाल, बिंबासारखा रुचिर आणि मांसल. 'मांसल' या विशेषणाकडे आम्ही आजवर लक्ष दिले नव्हते. जुन्या शास्त्राला भरलेला ओठ मान्य होता, नव्हे, तो भाग्याचा होता. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचा खालचा ओठ पाहिला की चित्रकारालाही तेच मान्य होते हे दिसते. आणि तो पुरुषाचा चेहरा आहे.

मग 'पातळ ओठ' सुंदर कधी झाले? एकोणिसाव्या शतकात चेहऱ्याची मापे काढून माणसांच्या प्रतवाऱ्या लावण्याचे शास्त्र युरोपातून इथे आले. १८९० च्या दशकात हर्बर्ट रिस्ले याने नाकाच्या मापांवरून जातींची चढण मांडली होती. गोरा रंग, सरळ नाक आणि बारीक ओठ ही एकाच पारड्यात पडली. काळा रंग, बसके नाक आणि जाड ओठ दुसऱ्या पारड्यात गेले, आणि त्या पारड्याला श्रमाची व जातीची खूण चिकटली. आमच्या पिढीने वाचलेल्या कितीतरी कथा-कादंबऱ्यांत नायिकेला नाजूक जिवणी असते आणि जाड ओठ मोलकरणीला, गुंडाला किंवा पाड्यावरच्या माणसाला असतात. लेखकाने हे मुद्दाम केले असेलच असे नाही. भाषेत पडलेल्या चाकोरीतून लेखणी गेली आणि आम्ही ते पाठ्यपुस्तकातून, न अडखळता, वाचून दाखवले. हे शिकवताना वर्गात आंध, गोंड, कोलाम, बंजारा समाजांतील मुली बसलेल्या असत, ही गोष्ट आज लिहिताना टोचते.

या मुलीच्या घरातच या बदलाचे दोन टोकांचे पुरावे निघाले. तिच्या मावशीचे एक स्थळ 'ओठ जरा जाड आहेत' म्हणून मोडले होते. ती आठवण घरात अजून निघते. भाचीने मात्र ओठ पातळ आहेत म्हणून पगारातले पैसे साठवले. दोघींच्या मध्ये पंचवीस-तीस वर्षांचेही अंतर नाही.

३

ओठांना काही करून घेणे ही गोष्ट नवी नाही; आणि ते फक्त बायका करीत, हेही खरे नाही. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त नागरकाची, म्हणजे शहरातल्या सुखवस्तू पुरुषाची, सकाळ वर्णिलेली आहे. दात घासून, उटी लावून, धूप घेऊन, माळ घालून झाल्यावर तो ओठांना अळता, म्हणजे लाखेचा लाल रंग, आणि मेण लावतो. मग आरशात तोंड पाहतो, तांबूल घेतो आणि कामाला लागतो. रंग टिकावा, ओठ तुळतुळीत दिसावा, यासाठी ते मेण. संध्याकाळपर्यंत खाण्यापिण्याबरोबर दोन्ही निघून जात.

या नागरकाला फार दूर शोधायला नको. 'कामसूत्रा'त वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेख येतो आणि वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. ढाणकीहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. अजिंठ्याचे सोळावे लेणे याच शाखेच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात करविले. शेजारच्या सतराव्या लेण्यात हातात आरसा धरून प्रसाधन करणारी राजस्त्री आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह लावून दिला तो याच वत्सगुल्मात, आणि त्या नगराला त्याने मदनाचे क्रीडास्थान म्हटले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे हे गाव आहे. आपल्याकडे मात्र ते कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावापुरतेच बोलण्यात येते.

लाख आणि मेण गेले, तरी विडा राहिला. पैनगंगा ओलांडली की माहूर लागते. तिथे रेणुकेचे पूर्ण मूर्तिरूप नाही, आहे तो शेंदूरचर्चित मुखवटा. आणि तिचा प्रसाद म्हणजे कुटलेला तांबूल. देवीच्या मुखी विडा भरवला जातो आणि तोच भाविकांच्या हातावर पडतो. ढाणकी-उमरखेडच्या आयाबायांनी आयुष्यभर पाहिलेला सर्वांत सुंदर चेहरा कोणता, असे विचारले तर त्या माहूरच्या आईचा सांगतील. त्या चेहऱ्याचे ओठ पातळ आहेत की जाड, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. ते रंगलेले आहेत, एवढे पुरते.

मात्र विड्याचे हे चित्र रंगवताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. विडा सर्वांना नव्हता. धर्मशास्त्राने यती, ब्रह्मचारी आणि विधवा यांना तांबूल वर्ज्य सांगितला होता. नवरा गेला की कुंकू गेले, आणि त्याबरोबर ओठांचा रंगही गेला. रंगलेला ओठ हा सौभाग्याचा परवाना होता आणि तो परवाना देणारे-घेणारे हात त्या बाईचे नव्हते. वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. त्यांचा राग विधवांवर लादलेल्या जिण्याबद्दल जसा होता, तसाच बायकांची चित्रे रंगवणाऱ्या लेखकांबद्दलही होता. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यांतील स्त्रियांचाही समाचार त्यांनी घेतला. पुस्तकातली बाई आणि घरातली बाई यांची तुलना मराठीत इतक्या स्पष्टपणे करणारी ही पहिल्या काही वाचकांपैकी एक. आमच्या मुलीच्या हातात ओठांचा निर्णय आला, तिने तो स्वतःच्या पैशाने घेतला, ही गोष्ट ताराबाईंच्या नजरेने पाहिली तर लहान नाही. तिला हसणाऱ्या पंगतीत आम्हीही ओठ मिटून हसलो होतो, हेही नोंदवले पाहिजे.

४

आता शस्त्राकडे वळू. 'सुश्रुतसंहिते'च्या निदानस्थानात मुखाचे पासष्ट रोग सांगितले आहेत आणि त्यांतील आठ ओठांचे. या आठांत एक मांसज आणि एक मेदोज आहे. मांस वाढून ओठ जड व गोळ्यासारखे फुगीर होणे, मेद साचून ते जड होणे, ही सुश्रुताच्या दृष्टीने दुखणी. म्हणजे काव्य आणि सामुद्रिक ज्या मांसलपणाची स्तुती करीत होते, त्याचाच अतिरेक वैद्याच्या लेखी व्याधी होता. सूत्रस्थानात तुटलेले नाक गालाच्या कातड्याने पुन्हा घडवण्याची रीत आहे, आणि ओठाचीही तीच रीत, फक्त नाकासारख्या नळ्या घालायच्या नाहीत, असे त्याने सांगितले आहे. इथे उद्देश शोभेचा नाही, भरपाईचा आहे. युद्धात, शिक्षेत, भांडणात जे गेले ते माणसाला परत मिळावे, चार लोकांत त्याला तोंड दाखवता यावे.

ही विद्या पोथीत राहिली आणि हातात उतरली नाही, असा आपला समज असतो. अठराव्या शतकातील पुण्याने तो खोटा ठरवला. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती लागला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ वीट भाजणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये लंडनला ही हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने अनेक वर्षे तयारी केली, १८१४ साली स्वतः तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याच्या त्या अनाम कारागिराचे स्थान पक्के आहे. नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

त्या हकिकतीतील एक तपशील आम्हांला या विषयासाठी फार महत्त्वाचा वाटतो. कारागीर आधी मेणाचा पातळ पत्रा तुटलेल्या नाकावर बसवून चांगल्या नाकाचा आकार करीत असे. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ ओढायची आणि तेवढे कातडे सोडवून खाली वळवायचे. काम झाले की मेण बाजूला. नागरकाचे मेण ओठावर होते आणि संध्याकाळी निघून जात होते. पुण्याच्या कारागिराचे मेण मापापुरते होते आणि कातडे सोडवण्याआधीच दूर होत होते.

मेण शरीराच्या आत गेले ते युरोपात. व्हिएन्नाचा शल्यवैद्य रॉबर्ट गेर्सुनी याने १८९९ साली व्हॅसलीनसारखे पॅराफिन इंजेक्शनाने शरीरात सोडले. पहिला रुग्ण एक तरुण होता आणि शस्त्रक्रियेने गेलेल्या अवयवाची उणीव भरून काढणे हाच हेतू होता. परंतु थोड्याच काळात हे मेण सुरकुत्यांत, नाकाच्या दांड्यात, गालांत जाऊ लागले. काही वर्षांतच त्याचे खरे रूप कळले. मेण जागा सोडून सरके, त्याभोवती कठीण गाठी धरत, कातडी लाल होऊन फाटे आणि ते काढायचे म्हटले तर मांसासकट कापावे लागे. ग्लॅडिस डीकन ही त्या काळची गाजलेली सुंदरी. पुढे ती मार्लबरोची डचेस झाली. नाकाची रेघ ग्रीक पुतळ्यासारखी सरळ व्हावी म्हणून तिने मेण भरून घेतले आणि ते घसरत हनुवटीकडे उतरले. चेहरा कायमचा बिघडला.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल, कारण त्याची चाल तीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पातळ सिलिकोन आले, त्याच्या गाठी आल्या आणि बंद्या आल्या. १९८१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गाईच्या कातड्यातून काढलेल्या कोलॅजेनला परवानगी दिली. ते काही महिन्यांत विरून जाई, पण काहींना त्याची ॲलर्जी होई. त्यानंतरचा पदार्थ म्हणजे आज बहुतेक ठिकाणी वापरले जाणारे हायालुरॉनिक ॲसिड. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली ते गाईच्या डोळ्यातील पारदर्शक द्रवातून वेगळे केले होते. पाणी धरून ठेवणे हा त्याचा धर्म; आपल्या कातडीत आणि सांध्यांत ते मुळातच असते. आधी कोंबड्याच्या तुऱ्यातून मिळवले जाई, आता जिवाणूंकरवी तयार करतात. अमेरिकेत सुरकुत्यांसाठी त्याच्या जेलला डिसेंबर २००३ मध्ये आणि ओठांसाठी २०११ मध्ये मान्यता मिळाली. २०१५ साली कायली जेनर या अमेरिकन दूरदर्शन-तारकेने आपले ओठ इंजेक्शनाचे आहेत असे कबूल केले आणि जगभरच्या मुली आपल्या ओठांकडे नव्याने पाहू लागल्या. त्यांत पुण्याच्याही होत्या.

५

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. परत आल्यावर आम्ही एका जाणत्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारले, आणि हे लिहिणे अस्थानी असले तरी वाचणाऱ्यांत अशा प्रश्नाच्या कोणी असतील म्हणून लिहितो. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज सर्वाधिक असते. ती दोन्ही बाजूंना सारखी उतरत नाही, म्हणून ओठ वाकडा वाटतो. निळे-जांभळे डाग हे सुईने फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे, आणि ते आठ-दहा दिवसांत जातात. ओठ खरोखर कसे झाले हे ठरवायचे ते दोन आठवड्यांनी. त्याआधी आरशावर विश्वास ठेवू नये. दोन आठवड्यांनंतरही गाठ लागत असेल, ओठाची कड पुसट होऊन वरच्या बाजूस फुगवटा आला असेल, तर दुरुस्ती करता येते. हायालुरॉनिक ॲसिड असेल तर ते विरघळवणारे हायालुरॉनिडेज नावाचे विकर टोचता येते. म्हणून टोचलेला पदार्थ कोणता याची लेखी नोंद आपल्याजवळ हवी. मात्र इंजेक्शननंतर कातडी पांढरी पडली, जाळीसारखी जांभळी दिसू लागली, तीव्र वेदना झाल्या, तर एक तासही थांबू नये. रक्तवाहिनी बंद झाल्याची ती खूण असते आणि उशीर झाला तर मांस मरते. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. जेल सहा महिने ते वर्षभरात जाते असे सर्रास म्हटले जाते. पण अलीकडच्या एमआरआय चित्रांत काही चेहऱ्यांमध्ये ते त्याहून पुष्कळ अधिक काळ राहिलेले आढळले आहे.

हे सर्व आम्ही तिला फोनवर सांगितले. ती ऐकत होती, आणि मध्येच म्हणाली, "सर, मला 'प' नीट म्हणता येत नाहीये. ऑफिसात सारखं बोलावं लागतं."

दिसण्याच्या चिंतेत बुडालेले आम्ही तेव्हा भानावर आलो. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजने. बालपणी पहिल्याने येतात ती हीच. बाबा, पाणी, भूभू हे सारे दोन ओठ मिटल्यावाचून होत नाही. ओठ दुखावले की भाषेतून आधी ही अक्षरे जातात, हे एका संस्कृत गद्यकाराने तेरा-चौदाशे वर्षांपूर्वी हेरले होते. दंडीच्या 'दशकुमारचरिता'च्या सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली कथा सांगतो. प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचा ओठ ठणकत आहे, म्हणून तो तोंडावर हात धरून बोलतो आणि त्या सबंध उच्छ्वासात एकही ओष्ठ्य वर्ण येत नाही. अलंकारशास्त्रात याला निरोष्ठ्य रचना म्हणतात, आणि आम्ही ती वर्गात शब्दचातुर्याचा नमुना म्हणून सांगत आलो. ओढणीमागची ती मुलगी पाहिल्यावर त्याच उताऱ्यातील वेदना आम्हांला प्रथम कळली. ज्याचा ओठ दुखतो तो माणूस जगाशी बोलताना कोणते शब्द टाळतो, याची ती नोंद आहे. सौंदर्य-प्रीतीचा सारा सोहळा झाल्यावर शेवटी ओठ बोलण्यासाठी लागतो, हे दंडीने कथेच्या अंगानेच दाखवले.

६

हाच दंडी 'काव्यादर्शा'च्या आरंभी काव्यातल्या दोषांविषयी फार कठोर आहे. देह सुंदर असला तरी कोडाच्या एका डागाने तो कुरूप होतो, तसा काव्यातला लहानसाही दोष उपेक्षू नये, असे तो बजावतो. समीक्षेच्या वर्गात आम्ही हा दृष्टान्त अनेकदा दिला. त्या वर्गात कोड असलेले कोणी बसले होते का, हे कधी पाहिले नाही. आरशात ओठावरची एक गाठ पाहून दिवसचे दिवस झुरणाऱ्या मुलीला हा दृष्टान्त कोणी शिकवावा लागत नाही. ती तोच जगत असते. दृष्टान्तासाठी आपण शरीर उसने घेतो आणि परत करताना त्याच्यावर ओरखडे ठेवतो.

याला उत्तर परंपरेतच आहे. काव्यातील सूचित अर्थ कसा असतो हे सांगताना आनंदवर्धनाने स्त्रियांच्या लावण्याचा दाखला दिला. डोळे, नाक, ओठ हे ठाऊक असलेले अवयव एकीकडे, आणि त्या सर्वांहून वेगळे असे काहीतरी जे झळकते ते लावण्य. अवयवांची बेरीज करून ते हाती येत नाही. दाखला इथेही स्त्रीदेहाचाच आहे, ही तक्रार राहतेच. पण दंडीच्या दृष्टान्तात एक अवयव बिघडला की सर्व गेले, आणि आनंदवर्धनाच्या दाखल्यात कोणत्याही एका अवयवाला एवढा अधिकारच नाही. परीक्षेला दोन्ही विचारले जातात. विद्यार्थ्यांपुढे ते एकमेकांसमोर उभे करण्याचे मात्र आम्हांला सुचले नव्हते.

उपमेबद्दलही असेच. उपमेय आणि उपमान यांत साम्य हवे, तसा भेदही हवा, हे आम्ही पहिल्याच तासाला सांगतो. मुख चंद्रासारखे, म्हणजे ते चंद्र नव्हे. ओठ तोंडल्यासारखा, म्हणजे तो तोंडले नव्हे. कवी आणि श्रोता दोघांनाही ते ठाऊक असते, म्हणून उपमा कोणाला इजा करीत नाही. पण वर्षानुवर्षे उपमाच शिकवायची आणि भेद गृहीत धरून पुढे जायचे, म्हणजे कोणीतरी कधीतरी ती खरी करायला निघणार. मेण आधी ओठावर होते, मग मापाला आले, मग कातडीखाली गेले, हा इतिहास एका परीने भेद पुसला जाण्याचाही इतिहास आहे.

तरीही, जे आत घालून घेतात त्यांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. ओठ जन्मतः दुभंगलेल्या बालकाला, अपघातात तोंड फाटलेल्या माणसाला सुईदोऱ्याने जे मिळते, ते देणाऱ्याचा हात आणि हौसेचे काम करणाऱ्याचा हात पुष्कळदा एकच असतो. सुश्रुतापासून ही विद्या 'चार लोकांत तोंड दाखवता यावे' एवढ्यासाठी उभी आहे. आज चार लोकांत तोंड दाखवण्यासाठी कापलेले नाक लागत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेला आपला फोटोही पुरतो. ती भीती खोटी आहे असे म्हणून ती जात नाही.

पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. सूज उतरली आहे, डाग गेला आहे. उजव्या कोपऱ्यात जिभेला लागेल एवढी बारीक गाठ आहे, बाहेरून दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, विरघळवता येईल. तिने अजून ठरवलेले नाही. 'प' येऊ लागला आहे. मग तिने विचारले, त्या दिवशी आजी काय म्हणाली ते तुम्हांला ऐकू आले होते का? आम्ही हो म्हणालो. ती म्हणाली, आजीने नंतर जवळ बसवून घेतले, स्वतःच्या बटव्यातून कात-चुना काढून विडा करून दिला, आणि म्हणाली, हे खा, रंगले म्हंजे दिसत नाही काही.

येत्या सत्रात आमच्याकडे नखशिखवर्णन पुन्हा आहे. या खेपेस वर्गात पिकलेले तोंडले नेऊन दाखवायचे ठरवले आहे. ढाणकीहून येणारे एक सहकारी म्हणाले, कुंपणावर दिसले तर आणतो, पण पाखरांनी ठेवले पाहिजे.